शॉर्ट शिफ्टर बसवायचाय? सगळे विचारतात ते प्रश्न आणि माझी उत्तरं

माझी गाडी २०१३ ची पोलो पेट्रोल, आपल्या चाकणचीच, पाच गिअर. तिला मी सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्वतः शॉर्ट शिफ्टर (गिअर टाकताना हाताला जावं लागणारं अंतर कमी करणारा किट) बसवला आणि तेव्हापासून मित्र, मित्रांचे मित्र, सगळे तेच तेच विचारतायत, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून ठेवतोय. पोलो २०२२ मध्ये बंद झाली पण रस्त्यावर अजून भरपूर आहेत, आणि यातलं बरंचसं केबलवर चालणाऱ्या कुठल्याही गिअरला लागू पडतं.

शॉर्ट शिफ्टर म्हणजे नक्की काय होतं? गिअरबॉक्स बदलतात का?

नाही, गिअरबॉक्स उघडायचापण नाही. गिअरची दांडी म्हणजे साधी पहार समजा. मध्ये टेकू, वर तुमचा हात, खाली केबल. समजायला सोपे आकडे घेऊ, टेकूच्या वर २४० मिमी दांडी आणि खाली ४० मिमी, म्हणजे ६ ला १. केबलला १० मिमी सरकवायचं तर वर हाताला ६० मिमी जावं लागतं. आता खालचा भाग ४० चा ५० केला की तेच १० मिमी सरकायला हाताला ४८ मिमीच पुरतात. झालं, २० टक्के अंतर कमी. हेच काम दुसऱ्या टोकाला, म्हणजे बॉनेटखाली गिअरबॉक्सवरच्या लिव्हरवरपण करता येतं, तिथे केबल अडकते तो खिळा शाफ्टच्या (गिअरबॉक्सच्या आत जाणाऱ्या दांड्याच्या) जवळ आणला की तेवढ्याच केबलमध्ये शाफ्ट जास्त फिरतो. माझा हा दुसऱ्या प्रकारचा आहे, आणि घरी बसवायला हाच सोपा वाटला कारण गाडीखाली झोपावं लागत नाही.

मग नुसती वरची दांडी कापून छोटी केली तर? नाहीतर छोटा नॉब लावला तर?

हाताला अंतर कमी लागेल, खरं आहे, पण हात खाली जातो, खांदा वाकवून गिअर टाकावा लागतो आणि दांडी एकदा कापली की परत जोडून तशी होत नाही. मी कुणालाच सांगणार नाही कापायला. पोलोत तर रिव्हर्ससाठी दांडी खाली दाबायची असते, ती छोटी आणि खाली गेलेली दांडी दाबायला मनगटाला त्रास होतो.

जोर जास्त लागतो म्हणतात, किती?

लागतो, आणि हे विकणारे कधी नीट सांगत नाहीत म्हणून मी सांगतो. अंतर कमी केलं की जोर त्याच हिशोबाने वाढणार, फुकट काही मिळत नाही. २० टक्के अंतर कमी तर जोर सव्वापट, ३० टक्के कमी तर जवळजवळ १.४ पट, ४० टक्के कमी तर १.७ पटीच्या आसपास. ताम्हिणी घाटात सकाळी सकाळी दुसरा तिसरा दुसरा करताना हे अंतर कमी झाल्याचं सुख काय असतं ते ज्याने चालवलंय त्यालाच कळेल, पण तीच गाडी संध्याकाळी हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये तासभर पहिला न्यूट्रल पहिला केली की मनगट बोलायला लागतं. म्हणून माझं मत स्पष्ट आहे, रोज ऑफिसला नेणारी गाडी असेल तर २० ते २५ टक्क्यांच्या पुढे जाऊ नका. ४० टक्केवाला किट ट्रॅकवर ठीक आहे.

माझा गिअर खूप ढिला झालाय, दांडी न्यूट्रलला पण इकडे तिकडे डुलते. शॉर्ट शिफ्टर टाकला की टाइट होईल ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि याचं उत्तर "आधी थांबा" असं आहे. डुलणं हा अंतराचा प्रॉब्लेम नाही, झिजेचा आहे. केबलच्या टोकाला प्लास्टिकचे सॉकेट असतात, दांडीच्या बुडाला बुश म्हणजे छोट्या नळ्या असतात, गाडी दहा वर्षं चालली की हे सगळे झिजतात आणि प्रत्येक जागी एक एक मिलिमीटरची ढील साठत जाऊन वर दांडीला बोटभर दिसते. आता त्यावर शॉर्ट शिफ्टर टाकलात तर ती ढील तशीच राहते, आणि गिअर टाकायचं अंतर कमी झाल्यामुळे त्यात ढिलीचा वाटा उलट वाढतो, म्हणजे गिअर लागला की नाही हेच हाताला कळत नाही.

तपासायचं कसं तर एकाला आत बसवा, इंजिन बंद, दांडी हळूहळू हलवायला सांगा आणि तुम्ही बॉनेट उघडून गिअरबॉक्सवरच्या दोन लिव्हरकडे बघा. दांडी हलतेय आणि केबलचं टोक हलतंय पण लिव्हर हलत नाही, म्हणजे तिथलं सॉकेट गेलं. दांडी हलतेय पण केबलच हलत नाही, म्हणजे झीज आत दांडीच्या बुडाला आहे. लिव्हरच शाफ्टवर डुलतेय तर नट ढिला आहे. आधी हे बदला, केबलची सेटिंग करा, दोन आठवडे चालवा. माझ्या ओळखीतल्या दोन जणांनी एवढंच केलं आणि त्यांना शॉर्ट शिफ्टरची गरजच उरली नाही, पैसे वाचले आणि गाडी नव्यासारखी वाटायला लागली. मला याचा खरंच आनंद झाला.

ढिला नाही, उलट अडकतो. पहिला आणि रिव्हर्स टाकताना जोर लावावा लागतो.

मग तर अजिबात घेऊ नका, आधीच जड आहे त्यात अजून जड होईल. एक साधी टेस्ट करा. इंजिन बंद करून सगळे गिअर टाकून बघा, मग इंजिन चालू करून क्लच पूर्ण दाबून परत टाका. बंद असताना लोण्यासारखे जातात आणि चालू असताना अडकतात, तर क्लच पूर्ण सुटत नाहीये. पोलोचा क्लच हायड्रॉलिक आहे आणि तेल ब्रेकच्याच डबीतून घेतो, तिथली लेव्हल बघा, लाइनमध्ये हवा असेल तर ब्लीड करून घ्या. इंजिन बंद असतानापण अडकतात तर केबल जाम असेल, सेटिंग बिघडली असेल नाहीतर गिअरबॉक्सच्या आत काहीतरी आहे.

कुठल्या गाडीला बसतो?

आजच्या बहुतेक छोट्या गाड्या पुढच्या चाकांवर चालतात, इंजिन आडवं, गिअरबॉक्स बाजूला, आणि दांडीपासून दोन केबल तिथे जातात, एक दांडीच्या पुढे मागे हलण्यासाठी आणि एक आजूबाजूला, म्हणजे डावीउजवीकडे हलण्यासाठी. जुन्या जीपसारख्या गाडीत दांडी थेट गिअरबॉक्सच्या डोक्यावर उभी असते, माझदाच्या एमएक्स-५ मध्येपण तसंच, तिथे केबलच नाही, पूर्ण दांडीच बदलतात आणि तो फील वेगळाच असतो, हाताला गिअर घासल्याचं कळतं. केबलच्या गाडीत तेवढं मिळणार नाही, ती अपेक्षा ठेवू नका.

महत्त्वाचं म्हणजे किट तुमच्या गिअरबॉक्सचा असायला हवा, गाडीच्या नावाचा नाही. एकाच गाडीच्या पेट्रोल आणि डिझेलला वेगवेगळे गिअरबॉक्स असू शकतात, आणि परदेशातल्या त्याच नावाच्या गाडीला तिसराच. ऑर्डर करायच्या आधी बॅटरीचा ट्रे काढून आपल्या लिव्हरचा फोटो काढा आणि किटच्या फोटोशी ताडून बघा. बाहेरून मागवला तर कस्टम ड्युटी आणि कुरियर धरून हिशोब करा, आणि परत पाठवणं जवळजवळ अशक्यच समजा.

याने सिंक्रो जातात का?

किटने नाही जात, घाईने जातात. प्रत्येक गिअरजवळ एक पितळी कडं असतं, तेच सिंक्रो, ते आधी गिअरच्या निमुळत्या भागावर घासून दोघांचा वेग सारखा करतं आणि मगच स्लीव्ह (गिअरला जोडणारी सरकती कडी) पुढे सरकून गिअर लागतो. या घासण्याला थोडा वेळ लागतोच. जुन्या लांब दांडीत तो वेळ आपोआप मिळायचा कारण हातच लांब जायचा, आता हात लवकर पोचतो आणि माणूस तिथे अडकल्यावर अजून जोर लावतो. लावू नका. हलका दाब ठेवा, अर्ध्या क्षणात दांडी स्वतःच आत खेचली जाते. खालच्या गिअरवर येताना ॲक्सिलरेटरला किंचित टोचा दिला तर क्लच सोडताना झटकापण कमी बसतो. कर्र असा आवाज आला की समजा तुम्ही घाई केलीत, आणि किट टाकायच्या आधीपासूनच तिसऱ्याला कर्र होत असेल तर ते कडं आधीच गेलंय.

गाडी जास्त पळेल का?

नाही. ० ते १०० मध्ये कळण्याइतका फरक पडत नाही, कारण वेळ हाताच्या अंतरात नाही तर क्लच आणि सिंक्रोमध्ये जातो. हे मजेसाठी आहे, हाताला मिळणाऱ्या फीलसाठी. ज्याला ती मजा समजते त्याच्यासाठी ते पुरेसं कारण आहे असं मला वाटतं.

भोसरीत ओळखीचा लेथवाला आहे, त्याच्याकडून लिव्हर बनवून घेऊ का?

लेथवाला चांगला असेल तर तो तुकडा छानच बनवेल, प्रश्न डिझाइनचा आहे. तीन गोष्टी बघा. एक, मूळ लिव्हर कापून त्यावर वेल्डिंग नको, तापल्यावर लोखंड वाकतं आणि शाफ्टवर बसणारं भोक जरासं जरी तिरकं झालं तरी गिअर चुकतात. दोन, त्या लिव्हरवर एक जड लोखंडी गोळा असतो, बघणाऱ्याला वाटतं उगाच आहे, तो उगाच नाही, एकदा हलायला लागला की त्याच्या वजनाने दांडी सिंक्रोवरून सरकते, तो नवीन लिव्हरवरपण हवाच. तीन, खिळ्याचं बॉल कंपनीच्याच मापाचं हवं नाहीतर केबलचं सॉकेट एकतर बसत नाही किंवा चालत्या गाडीत सुटतं. घाटात सुटलं तर ज्या गिअरमध्ये आहात त्यातच अडकता.

हत्यारं काय लागतात?

गोटी पान्यांचा सेट आणि लांब एक्स्टेन्शन, टॉर्क रेंच (ठरावीक जोरावरच नट आवळणारा पाना), चपटा स्क्रूड्रायव्हर, पक्कड, टॉर्क्स म्हणजे चांदणीच्या आकाराचा बिट, ग्रीस, टॉर्च, मोबाइल फोटोंसाठी, आणि साडेचार ते पाच मिमीचा ड्रिल बिट. ड्रिल बिट भोक पाडायला नाही, लॉक करायला, ते खाली येतंय.

बरं, बसवायचं कसं? सगळं सांगा.

सुट्टीची सकाळ घ्या, गाडी रात्रभर थंड झालेली असू द्या कारण इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्ही हाताजवळ असतात. सपाट जागा, हँडब्रेक, आणि चाकांना पुढे मागे दगड किंवा लाकडी ठोकळे, कारण पूर्ण काम न्यूट्रलमध्ये होणार आहे आणि नुसत्या हँडब्रेकवर माझा विश्वास नाही.

बॅटरीचं निगेटिव्ह आधी काढा. म्युझिक सिस्टिमला कोड असेल तर तो आधीच शोधून ठेवा, नंतर मागितला तर पंचाईत होते. बॅटरी आणि तिचा ट्रे काढला की खाली गिअरबॉक्स आणि त्यावरच्या दोन लिव्हर दिसतात. इथे कशालाही हात लावायच्या आधी चार बाजूंनी फोटो काढा, मी सहा काढले होते आणि सहाही लागले.

केबलची टोकं प्लास्टिकची आहेत आणि इंजिनच्या गरमीने कडक झालेली असतात. स्क्रूड्रायव्हर सरळ घालून उचकटू नका, दोन्ही बाजूंनी थोडं थोडं, सर्क्लिप (केबल धरून ठेवणारी स्प्रिंगची छोटी कडी) असेल तर ती आधी काढून डबीत ठेवा, ती खाली पडली की इंजिनच्या पोटात कुठे जाते ते सापडत नाही. मग लिव्हरचा नट. नट सोडताना लिव्हर एका हाताने घट्ट धरा, नाहीतर सगळा जोर आतल्या शाफ्टवर जातो. काढायच्या आधी लिव्हर आणि शाफ्ट दोघांवर मार्करने एक रेघ मारा. लिव्हर खूपदा जाम बसलेली असते, हातोडी मारू नका, थोडं गंजतेल सोडा, दहा मिनिटं चहा प्या, मग हलवत हलवत वर ओढा.

नवीन लिव्हर त्याच रेघेवर बसवा, नट कंपनीच्या मॅन्युअलमधल्या टॉर्कवर आवळा, बॉलवर ग्रीस लावा आणि केबल "टक्" आवाज येईपर्यंत दाबा. तो टक् आला नाही तर बसलेली नाही. शाफ्टवर रबरी टोपी असते ती फाटलीय का तेपण आत्ताच बघा, पावसाचं पाणी तिथून आत जातं.

केबल सेटिंग करायलाच हवी का? जुन्या जागेवरच तर बसवली.

हवीच. अर्ध्या लोकांचं काम इथेच बिघडतं. या गाड्यांत केबलच्या टोकाजवळ स्प्रिंगवाली कॉलर असते. ती केबलच्या दिशेने मागे ओढून फिरवली की लॉक होते आणि केबल मोकळी होते. दोन्ही कॉलर अशा मोकळ्या करा. मग गिअरबॉक्सचा शाफ्ट खाली दाबा आणि दाबलेला असतानाच बाजूची वाकडी छोटी लिव्हर फिरवा, शाफ्ट त्याच जागी अडकून राहतो. आता आत या, दांडीचं रेक्झिनचं कव्हर वर करा, दांडी न्यूट्रलला आणून तिच्या बुडाच्या भोकातून खालच्या भोकात तो ड्रिल बिट घाला. आता वरही लॉक, खालीही लॉक. बाहेर येऊन दोन्ही कॉलर सोडा, स्प्रिंग स्वतःच केबलला बरोबर लांबीवर पकडते. मग वाकडी लिव्हर परत जागेवर, आणि ड्रिल बिट काढायला विसरू नका. ओढूनताणून अंदाजाने करू नका, हे लॉक कंपनीने यासाठीच दिलंय. दुसऱ्या कंपनीच्या गाडीत पद्धत वेगळी असते पण तत्त्व हेच, दोन्ही टोकं न्यूट्रलला लॉक आणि मग केबल पकडायची.

गाडी बाहेर काढायच्या आधी काय तपासू?

इंजिन बंद ठेवून प्रत्येक गिअर दहा वेळा. प्रत्येक गिअर लागल्यावर दांडी अजून थोडी पुढे सरकते का बघा, किंचित सरकायला हवी. ती जर कन्सोलला आपटून थांबतेय तर गिअर अर्धाच लागलाय आणि ॲक्सिलरेटर दिला की उडी मारून बाहेर येईल. मग इंजिन चालू, क्लच, ब्रेकवर पाय, परत सगळे. मग सोसायटीच्या आत पहिला आणि रिव्हर्स. रिव्हर्सचा लाइट लागतोय का हेपण कुणाला तरी मागे उभं करून, म्हणजे बाजूला उभं करून बघून घ्या. त्यानंतर मोकळा रस्ता, पाचव्यापर्यंत. बॅटरी काढल्यामुळे काचेचं वन टच बंद पडलं असेल तर काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद धरून ठेवा, येतं परत.

माझा पाचवा लागत नाही आणि पहिल्याऐवजी तिसरा पडतो.

आजूबाजूच्या केबलची सेटिंग चुकलीय, परत करा. माझंपण हेच झालं होतं. मी दुसरी कॉलर पूर्ण न सोडताच बॅटरी बसवली, पार्किंगमध्ये सगळं ठीक वाटलं आणि एक्स्प्रेस वेला चढल्यावर पाचवा लागेना. लोणावळ्यापर्यंत चौथ्यात गेलो, डाव्या लेनने, बायको शेजारी गप्प बसलेली. घरी येऊन सेटिंग परत केली तर वीस मिनिटांचं काम होतं. पार्किंगमध्ये दहा वेळा बघा म्हणतो ते यासाठी.

मनी शिफ्ट म्हणजे काय, आणि याने धोका वाढतो का?

चुकून फार खालचा गिअर पडणं, जसं पाचव्यातून चौथ्याऐवजी दुसरा. दुसरा आणि पाचवा यात इंजिनच्या फिरण्याचा फरक साधारण पावणेतीन पट असतो, म्हणजे पाचव्यात २८०० आरपीएमवर चाललेली गाडी दुसऱ्यात टाकून क्लच सोडला तर चाकं इंजिनला ७५०० च्या पुढे ओढतात. इथे रेव्ह लिमिटर (इंजिनला ठरावीक आरपीएमच्या वर जाऊ न देणारी यंत्रणा) वाचवत नाही, तो फक्त पेट्रोल तोडतो, आणि इंजिन तर चाकं फिरवतायत. वॉल्व्ह वाकतात, खर्च नको विचारू. चांगले किट फक्त पुढे मागेचं अंतर कमी करतात, आजूबाजूचं तसंच ठेवतात, म्हणून तेच घ्या. दोन्ही दिशा आखूड करणाऱ्या किटमध्ये गेट, म्हणजे गिअरच्या लाइनी, इतके जवळ येतात की हात चुकतो. पाचव्यातून चौथ्यात येताना दांडी मुठीत आवळू नका, तळव्याने मागे ओढा, स्प्रिंग तिला स्वतःच मधल्या लाइनवर आणते.

जड नॉब लावू का सोबत?

लावा, मला आवडला. किटमुळे वाढलेला जोर नॉबच्या वजनाने थोडा कमी जाणवतो. पण पोलोचा नॉब स्क्रूचा नाही, क्लॅम्पने दाबलेला असतो आणि कव्हरसकट वर येतो, तो क्लॅम्प कापावा लागतो, म्हणून नवा आधीच आणून ठेवा. आणि रिव्हर्ससाठी दांडी खाली दाबताना नॉबचं बूड कुठे अडत नाही ना ते बघून घ्या.

बसवल्यापासून दांडी थरथरते.

किटसोबत पितळी किंवा ॲल्युमिनियमचे बुश आले असतील आणि ते लावले असतील. रबर काढलं की इंजिनची थरथर सरळ हातात येते, तीन सिलिंडरच्या गाडीत सिग्नलला उभं राहिल्यावर तर जास्तच. रबरी परत लावा.

वॉरंटी, इन्शुरन्स, आरटीओ?

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ आरसीवर लिहिलेल्या गोष्टी बदलण्याबद्दल आहे आणि सुप्रीम कोर्टानेही जानेवारी २०१९ मध्ये कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलात फरक पडेल असे बदल चालणार नाहीत असं सांगितलं. गिअरची दांडी आरसीवर नसते. तरी इन्शुरन्सवाल्याला लेखी कळवा, एक मेल पुरतो. वॉरंटी चालू असेल तर गिअरबॉक्स, केबल, क्लच यांचा क्लेम नाकारला जाऊ शकतो, म्हणून मी वॉरंटी संपेपर्यंत थांबलो.

घरात अजून दोघं गाडी चालवतात, त्यांना चालेल का?

बसवायच्या आधी विचारा. माझ्या आईला सुरुवातीला दुसरा टाकताना त्रास झाला, तिचं मनगट दुखायचं, म्हणून मी ३० टक्क्यांचा काढून २० चा लावला, खिळ्याला दोन भोकं होती त्यामुळे जमलं. असा दोन भोकांचा किट मिळाला तर तोच घ्या. आणि जुनी लिव्हर, नट, सर्क्लिप, सगळं ग्रीस लावून प्लास्टिकच्या पिशवीत डिकीत नाही तर घरी कपाटात ठेवा, गाडी विकताना समोरच्याला मूळचा गिअर हवा असेल तर दोन तासांत परत लागतो.